आकाशरेषेची चित्रे : मासिकांच्या पानांवरची मुंबई, आणि विरारच्या पलीकडचे

मासिकाचा चित्रकार शहर पूर्ण कधीच काढत नाही. एक मनोरा, एखादा घुमट, पाण्याची कड आणि कोपऱ्यात नारळाचे झाड एवढ्यावर त्याचे भागते, आणि वाचकाला गाव ओळखू येते. मुंबईच्या या खुणा गेल्या दीडशे वर्षांत अनेकदा बदलल्या. आधी गॉथिक मनोरे होते, मग मरीन ड्राइव्हचा बाक आला, मग नरिमन पॉइंटचे चौकोनी ठोकळे, आणि आता वांद्रे-वरळी सागरी सेतूच्या तारा. इमारती आणि डोंगर आभाळावर जी रेघ ओढतात तिला आकाशरेषा म्हणतात. ही रेघ कशी चढत गेली हे जुनी मासिके ओळीने लावून पाहिली की सहज कळते. चित्रावर तारीख नसली तरी त्यातली सर्वांत उंच वस्तू कोणती हे पाहून साल अंदाजता येते. मात्र अशा चित्रांकडे पाहताना आणखी एक प्रश्न विचारावा लागतो : चित्रकार उभा कुठे आहे? जहाजावर, रस्त्यात, चाळीच्या गॅलरीत की आराखड्याच्या टेबलापाशी? त्याची जागा बदलली की त्याच शहराची रेघ वेगळी दिसते.

लाकडावर कोरलेले शहर

सचित्र बातमीपत्राची कल्पना लंडनमध्ये रुजली. हर्बर्ट इनग्रॅम यांनी मे १८४२ मध्ये 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' हे साप्ताहिक सुरू केले, आणि १८६९ मध्ये 'द ग्राफिक' हे त्याचे प्रतिस्पर्धी निघाले. छायाचित्र थेट छापण्याची सोय तेव्हा नव्हती. चित्रकार कागदावर रेखाटन करी, ते बॉक्सवूड या कठीण लाकडाच्या गुळगुळीत ठोकळ्यावर उतरवले जाई आणि कारागीर ते कोरून काढीत. बॉक्सवूडचे झाड बारीक खोडाचे, त्यामुळे मोठ्या चित्रासाठी लहान लहान ठोकळे बोल्टने जोडावे लागत. काम घाईचे असले की ठोकळे सुटे करून वेगवेगळ्या कारागिरांना वाटायचे. कोणी आभाळ कोरी, कोणी पाणी, आणि चेहऱ्यांचे काम हात बसलेल्या माणसाकडे जाई. शेवटी सांध्यावरच्या रेघा जुळवून घ्यायच्या. जुन्या चित्रांत कधी कधी आभाळातून एक बारीक पांढरी रेघ सरळ खाली उतरलेली दिसते, ती या सांध्याची.

मुंबईची चित्रे याच वाटेने लंडनला पोचत. १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानात आले तेव्हा विल्यम सिम्प्सन हे नामांकित चित्रकार-वार्ताहर 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'साठी त्यांच्याबरोबर होते. रेखाटन बोटीने जायचे. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाल्यावर हा प्रवास बराच कमी झाला, तरी चित्र कोरणाऱ्या बहुतेकांनी मुंबई जन्मात पाहिलेली नसे. सिम्प्सनसारख्याची रेघ नेमकी असली तरी कोरणारा हात परकाच. इमारतींचे तपशील टिकत, माणसे मात्र पुष्कळदा एकाच साच्यातली निघत.

चित्रकाराची जागा या काळात बहुधा पाण्यावर किंवा मैदानात असे, आणि त्याला सबळ कारण होते. गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत, १८६० च्या दशकात, फोर्टची तटबंदी पाडली गेली आणि मोकळ्या झालेल्या जागेवर पश्चिमेकडे तोंड करून सरकारी इमारतींची रांग उभी राहिली. सचिवालय आणि विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह १८७४ चे, राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट १८७८ चे. त्या वेळी या रांगेसमोर मैदान, रेल्वेचे रूळ आणि लगेच बॅकबेचा समुद्र होता. पाण्यावरून पाहिले की सगळे मनोरे एका ओळीत दिसत. मुंबईला आखीव आकाशरेषा मिळाली ती प्रथम इथे. तिच्या मधोमध सुमारे ८५ मीटर उंचीचा राजाबाई टॉवर होता. आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा आणि देणगी प्रेमचंद रायचंद यांची. आज हे दृश्य कुठूनही दिसत नाही. समुद्र भरणीने मागे सरकला आणि ओव्हल मैदानाच्या पश्चिमेला १९३० च्या दशकात आर्ट डेको इमारतींची दुसरी रांग आली. दोन्ही रांगा मिळून २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. पहिली रांग समुद्रातून कशी दिसायची हे समजायला मात्र जुनी छायाचित्रे आणि कोरीव चित्रेच उरली आहेत.

त्याच काळातले एक चित्र वेगळ्या जातीचे आहे. बोरीबंदरच्या व्हिक्टोरिया टर्मिनसचे काम १८७८ मध्ये सुरू झाले आणि दहा वर्षे चालले. पण एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या आराखड्यावरून अ‍ॅक्सेल हेग या चित्रकाराने त्या इमारतीचे जलरंगातले भव्य चित्र १८७८ मध्येच करून ठेवले होते. घुमट, कमानी, समोरचा रस्ता, त्यावरची वर्दळ, सगळे त्यात आहे आणि इमारतीचा पत्ता नाही! आज बिल्डर ज्याला संकल्पचित्र म्हणतो त्या प्रकारचे हे मुंबईतले बहुधा सर्वांत देखणे उदाहरण. फरक एवढाच की स्टेशन जवळजवळ चित्राबरहुकूम उभे राहिले.

रस्त्यावर उतरलेली रेघ

मुंबईत छापल्या जाणाऱ्या नियतकालिकांनी शहराकडे जवळून पाहिले. पारशी मंडळींनी १८५४ मध्ये काढलेल्या आणि पुढे 'हिंदी पंच' झालेल्या 'पारसी पंच'मध्ये व्यंगचित्रांना मानाचे स्थान होते, आणि नगरपालिकेचा कारभार हा त्यांचा हुकमी विषय.

रस्त्यावरच्या मुंबईचा पहिला मोठा मराठी चित्रकार म्हणजे महादेव विश्वनाथ धुरंधर. जे. जे. स्कूल ऑफ आर्टशी विद्यार्थी आणि शिक्षक म्हणून त्यांचा संबंध चार दशकांहून अधिक होता. त्यांच्या आत्मकथनाचे नावच 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' असे आहे. एस. एम. एडवर्ड्‌स यांचे मुंबईच्या गल्ल्यांवरचे 'बायवेज ऑफ बॉम्बे' हे पुस्तक १९१२ मध्ये धुरंधरांच्या चित्रांसह निघाले. धुरंधरांना मनोऱ्याचे फारसे कौतुक नव्हते. पगडीचा घाट, लुगड्याचा काच, पाणी वाहणारा भिस्ती, दुकानाच्या फळीवर बसलेला मारवाडी यांत त्यांचा जीव रमे. त्यांच्या चित्रातली इमारत माणसामागे उभी असते आणि बहुधा वरून कापलेली असते. रस्त्यात उभ्या असलेल्या माणसाला आकाशरेषा दिसतच नाही, दिसतात ती खालची दुकाने आणि वरच्या खिडक्या. ही साधी गोष्ट पुढच्या सबंध मराठी परंपरेला लागू पडते.

काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ मध्ये 'मासिक मनोरंजन' सुरू केले आणि १९०९ मध्ये मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला. तोवर लाकडी ठशांची जागा जस्ताच्या आणि तांब्याच्या ब्लॉकांनी घेतली होती. ठिपक्यांच्या हाफटोन ब्लॉकमुळे छायाचित्र जसेच्या तसे छापता येऊ लागले आणि इमारत कशी दिसते हे सांगण्याचे चित्रकाराचे काम संपले. त्यानंतर मासिकात चित्र राहिले ते शोभेसाठी, विनोदासाठी किंवा कथेसाठी. किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये निघालेल्या 'किर्लोस्कर खबर'चे संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः व्यंगचित्रकार होते. १९३५ मध्ये जे. जे.मध्ये कमर्शिअल आर्टचा स्वतंत्र विभाग सुरू झाला आणि मासिकांना शिकलेले चित्रकार मिळू लागले. गोव्यात जन्मलेल्या दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये स्वतःचा 'दीपावली' वार्षिक काढला. दलाल काय किंवा रघुवीर मुळगावकर काय, यांच्या मुखपृष्ठांवर शहर जवळपास नाहीच. तिथे आहेत रूपवती स्त्रिया, देवदेवता, पणत्या आणि घाटावरची देवळे. अंक मुंबईत छापायचा, गिरगाव-दादरात विकायचा आणि वर चित्र गावाकडचे काढायचे, असा तो रिवाज. वाचकांतले पुष्कळजण कोकण-देशावरून पोटासाठी आलेले होते. दिवाळीला त्यांना घर हवे होते, हायकोर्ट नव्हे.

शहर आले ते विनोदाच्या दाराने. अनंत अंतरकरांच्या 'हंस' आणि 'मोहिनी'साठी शि. द. फडणीस यांनी केलेल्या शब्दाविना हास्यचित्रांत बसची रांग, फ्लॅट, उडपी हॉटेल हे नेपथ्य होते. ते मुंबईचेच असे नाही, पुण्याचेही असू शकते. वसंत सरवटे मात्र मुंबईचे नेमके चित्रकार. कोल्हापुरात १९२७ मध्ये जन्मलेले सरवटे शिक्षणाने स्थापत्य अभियंता होते आणि हे त्यांच्या चित्रांत जाणवते : जिना कुठून निघतो, कठडा कुठे संपतो, खांबावर भार कसा येतो हे त्यांच्या रेषेला ठाऊक असते. पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ'साठी त्यांनी काढलेल्या चित्रांनी मराठी वाचकांच्या मनात चाळीचे रूप कायमचे बसवले. तीन-चार मजले, सामाईक गॅलरी, कठड्यावर वाळणारे कपडे आणि प्रत्येक दारात एक ओळखीचा स्वभाव. पुढे 'ललित' मासिकातून आणि त्याच्या दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवरून त्यांची रेघ वर्षानुवर्षे दिसत राहिली. मराठी मासिकांपुरते बोलायचे तर मुंबईची खरी मानाची वास्तू व्ही. टी. स्टेशन किंवा गेटवे नव्हे, चाळ आहे. १९२४ मध्ये खुले झालेले गेटवे ऑफ इंडिया पाहुण्यांना दाखवायचे, चाळीत राहायचे.

मारियोची गर्दी

इंग्रजी वाचकाची मुंबई घडवली ती 'इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया'ने. 'टाइम्स ऑफ इंडिया'ची साप्ताहिक आवृत्ती म्हणून १८८० मध्ये सुरू झालेले हे साप्ताहिक १९९३ पर्यंत चालले. मारियो मिरांडा यांनी 'टाइम्स' समूहासाठी अनेक वर्षे काम केले. दमणला १९२६ मध्ये जन्मलेला, गोव्यातल्या लोटली गावात वाढलेला आणि पुढे कुलाब्यात राहिलेला हा माणूस चित्रकलेचे रीतसर शिक्षण न घेता चित्रकार झाला. त्यांच्या मुंबईत रिकामी जागा नाही. टाक आणि काळी शाई घेऊन ते पान काठापासून काठापर्यंत भरत. जाळीदार गच्च्या, जिन्याचे कठडे, इराण्याच्या हॉटेलातल्या गोल पाठीच्या खुर्च्या, लोकलला लोंबकळणारी माणसे, तारांवरचे कावळे आणि पायात घुटमळणारी कुत्री. गॉथिक कमानीतली नक्षी ते सावकाशीने रेखत आणि लगेच तिच्यासमोर केळीवाला बसवत. त्यामुळे कोणती रेघ इमारतीची आणि कोणती गर्दीची हे डोळ्याला चटकन सुटे करता येत नाही. मुंबईत राहणाऱ्याला शहर असेच भेटते. व्हिक्टोरियन चित्रकाराने माणसे लहान केली ती इमारत मोठी दिसावी म्हणून. मारियोंनी इमारती माणसांच्या उंचीवर आणून बसवल्या. कुलाब्याच्या कॅफे माँडेगरच्या भिंतींवरची त्यांची चित्रे आजही पाहता येतात. २०११ मध्ये ते वारले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला.

मारियो गर्दी रेखत होते त्याच काळात आकाशरेषा झपाट्याने चढत होती. कारमायकल रोडवरची उषाकिरण ही पंचविसेक मजल्यांची इमारत १९६० च्या दशकातली. त्यानंतर नरिमन पॉइंटच्या भरणीवर एक्सप्रेस टॉवर्स, एअर इंडिया, ओबेरॉय असे उंच ठोकळे रांगेत आले, आणि मासिकांतल्या जाहिरातींतून, कथाचित्रांतून 'श्रीमंत मुंबई' म्हणून ते दिसू लागले. खालच्या बाजूला मरीन ड्राइव्हची वक्र रेघ, टोकाला हे ठोकळे, एवढे काढले की नायक यशस्वी झाला हे वाचकाला कळे.

एका मासिकाने याच सुमारास उलटा उद्योग केला. मुल्कराज आनंद यांनी १९४६ मध्ये सुरू केलेल्या 'मार्ग' या कलाविषयक नियतकालिकाने १९६५ मध्ये मुंबईच्या नियोजनावर अंक काढला. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी त्यात खाडीपलीकडे जुळे शहर वसवण्याची योजना नकाशे आणि आकृत्यांसह मांडली. पाच वर्षांनी, १९७० मध्ये, नवी मुंबईसाठी सिडकोची स्थापना झाली. मासिकात छापलेल्या आकृत्यांनी खऱ्या शहराला आकार दिल्याची अशी उदाहरणे जगात थोडीच सापडतील. मूळ कल्पनेतले किती प्रत्यक्षात उतरले हा वादाचा विषय आहे. शहर उतरले एवढे नक्की.

गिरणगावाचे धुराडे आणि तयार आकाशरेषा

दक्षिण मुंबईची रेघ मनोऱ्यांची, तर परळ-लालबागची धुराड्यांची. ताडदेवला १८५६ मध्ये पहिली कापड गिरणी चालू झाल्यापासून सव्वाशे वर्षे कामगारवस्तीवरच्या कथेला धुराडे हेच पुरेसे चित्र होते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाने सुमारे अडीच लाख कामगारांना रस्त्यावर आणले आणि बहुतेक गिरण्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. १९९१ आणि २००१ च्या विकास नियमांनी त्यांच्या जमिनी बांधकामाला मोकळ्या केल्या. लोअर परळला श्रीनिवास मिलच्या जागेवरचा वर्ल्ड वन हा टॉवर २८० मीटरचा आहे, म्हणजे राजाबाई टॉवरच्या तिप्पटीहून उंच. या संक्रमणाचे सर्वांत गंभीर चित्रण मासिकांत झाले नाही. ते सुधीर पटवर्धन यांच्यासारख्या चित्रकारांच्या कॅनव्हासवर झाले, आणि मासिकांच्या दृष्टीने ही नामुष्कीच म्हणावी लागेल.

कारण या काळात मासिकांनी चित्रकाराला काम देणेच कमी केले. संगणकावर तयार आकाशरेषा मिळू लागल्या : काळ्या सावलीतले गेटवे, शेजारी व्ही. टी., शेजारी ताज, मागे सागरी सेतू. सेतू २००९ मध्ये खुला झाला आणि लगेच या रांगेत जाऊन बसला. या सगळ्या वास्तू अशा ओळीत मुंबईतल्या कोणत्याही जागेवरून दिसत नाहीत. सेतू माहीमच्या उपसागरात आहे आणि गेटवे कुलाब्याला, तेही बंदराच्या बाजूला. असे चित्र काढणारा कुठेच उभा नसतो.

विरारच्या पलीकडे

'न्यूयॉर्कर' साप्ताहिकाच्या २९ मार्च १९७६ च्या अंकावर सॉल स्टाइनबर्ग यांचे एक प्रसिद्ध मुखपृष्ठ आहे. त्यात न्यूयॉर्कचे दोन रस्ते अर्धे पान व्यापतात, पलीकडे हडसन नदी आणि तिच्यामागे उरलेली अमेरिका, पॅसिफिक महासागर, जपान एका चिंचोळ्या पट्टीत. मुंबईकराच्या मनातल्या चित्रात ती पट्टी विरारनंतर सुरू होते. एप्रिल २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत पोचली, १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला, तरी मुंबईच्या नियतकालिकांत या भागाची आकाशरेषा क्वचितच येते.

खरे तर इथे ती ठळक आहे. मनोरच्या आसपास मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून जाणाऱ्याला इमारतींआधी डोंगर दिसतात : उत्तरेला अशेरी, दक्षिणेला टकमक, पालघरच्या वाटेवर वाघोबा खिंडीशी काळदुर्ग, वाड्याच्या दिशेला कोहोज. कोहोजच्या माथ्यावरचा माणसासारखा भासणारा सुळका ही तर चित्रकाराला आयती मिळालेली खूण. किनाऱ्याकडे १९६९ मध्ये सुरू झालेले तारापूरचे अणुवीज केंद्र, बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतली धुराडी आणि तिथून निघणारे विजेचे मनोरे ही दुसरी रेघ. परक्यांनी या भागाची चित्रे पूर्वी काढली आहेत. पोर्तुगीज अंमलात १६३५ च्या सुमारास अंतोनियु बोकार्रो यांच्या ग्रंथासाठी तारापूर, डहाणू इथल्या किल्ल्यांची रंगीत चित्रे तयार झाली. तिथेही चित्रकाराची नजर तटबंदी मोजणाऱ्या सत्ताधाऱ्याची होती.

इथली स्वतःची चित्रपरंपरा वारली. लग्नाच्या वेळी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी चौक लिहीत. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी १९७० च्या दशकात ही चित्रे कागदावर आणली. १९७५ मध्ये मुंबईच्या गॅलरी केमोल्डमध्ये त्यांचे प्रदर्शन झाले आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वारली चित्रात क्षितिज नसते. शेत, झाड, नदी, तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा फेर, सगळे भिंतभर पसरलेले, जणू सर्व बाजूंनी एकाच वेळी पाहिलेले. म्हणून रेल्वे, मोटारी, इमारती या चित्रांत आल्या तेव्हा त्या वर चढून बसल्या नाहीत. घरे, झाडे, गुरे यांच्याच रांगेत त्यांना जागा मिळाली. गंजाडचेच राजेश वांगड यांनी छायाचित्रकार गौरी गिल यांच्याबरोबर २०१३ पासून 'फील्ड्स ऑफ साइट' ही मालिका केली. गिल यांनी टिपलेल्या इथल्या परिसराच्या छायाचित्रांवर वांगड यांनी बारीक रेषेत तिथल्या आठवणी, कथा आणि उलथापालथी रेखाटल्या. छायाचित्रात जे आज दिसते आणि रेषेत जे तिथे घडून गेले, ते एकाच कागदावर येते. बदलत्या भूभागाचे याहून पूर्ण चित्रण महाराष्ट्रात दुसरे सांगणे अवघड आहे.

या जिल्ह्याची रेघ आता मुंबईच्याच वेगाने बदलेल अशी चिन्हे आहेत. सिडकोने पालघरला बांधलेले जिल्हा मुख्यालय २०२१ पासून वापरात आहे, बुलेट ट्रेनचे एक स्थानक बोईसरला ठरले आहे, आणि वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. या प्रकल्पांची म्हणून जी चित्रे छापून येतात ती बहुतेक संगणकावर केलेली संकल्पचित्रे असतात आणि त्यांत बंदर असते, स्थानक असते, पण मागचा डोंगर किंवा शेजारचा पाडा नसतो. पालघर-बोईसर-डहाणू भागातून निघणाऱ्या दिवाळी अंकांनी मुखपृष्ठाचे काम एखाद्या स्थानिक चित्रकाराला द्यावे आणि अट एकच घालावी : चित्र जागेवर बसून काढलेले असावे.